सहकाऱ्याने रिव्ह्यूत भरभरून लिहिलं, रेटिंग मात्र तेच राहिलं: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात आयटी कंपनीत क्यूएला, म्हणजे सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला आहात, यंदाच्या अप्रेझल मीटिंगमध्ये मॅनेजरने प्रॉडक्शन सपोर्टमधल्या (चालू सिस्टीम सांभाळणाऱ्या टीममधल्या) एका सहकाऱ्याने तुमच्याबद्दल लिहिलेला पिअर फीडबॅक वाचून दाखवला, त्याच्या नावासकट. त्यात होतं की रिलीजच्या रात्री पेमेंट फेल व्हायला लागले तेव्हा कॉलवर सगळे एकमेकांवर ढकलत होते, हिने शांतपणे आधीच्या रिलीजचं कॉन्फिग (सिस्टीमच्या सेटिंगची फाइल) आणि आत्ताचं कॉन्फिग शेजारी शेजारी ठेवलं, एकेक ओळ तपासली आणि टाइमआउटची व्हॅल्यू बदललीय हे शोधून दिलं. पुढे, आमच्याकडे आलेल्या दोन नवीन मुलांना हिनेच तयार केलं. आणि शेवटी, ही कॉलवर असली की आम्ही निर्धास्त असतो. तुम्ही एकदम गोंधळलात, "नाही नाही, सगळ्या टीमचंच काम होतं" म्हणून विषय संपवलात, आणि रेटिंग मात्र मागच्या वर्षीचंच, मीट्स एक्सपेक्टेशन्स, म्हणजे अपेक्षेइतकं काम. आता तुम्ही विचारताय की हे कौतुक खरं मानायचं का, त्याला काही बोलायचं का, त्याची परतफेड करावी लागेल का, आणि एवढं चांगलं लिहूनही रेटिंग का हललं नाही.

मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, आधी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात आणि नंतर आयटीत, त्यामुळे हे सगळं टेबलाच्या त्या बाजूने बघितलंय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. त्या फीडबॅकने तुम्हाला छान वाटलं ते वाटू द्या, ते हक्काचं आहे, पण त्यापलीकडे त्यात तुमच्या कामाबद्दल अशी माहिती आहे जी तुमच्या मॅनेजरकडे नव्हती आणि बहुतेक तुमच्याकडेही नव्हती, आणि ती माहिती वापरली नाही तर पुढच्या एप्रिलला तुम्ही परत ह्याच जागी असाल.

रेटिंगचं आधी बोलते कारण मनाला तेच लागलंय.

आपल्याकडे अनेक कंपन्यांमध्ये एप्रिल ते मार्च असं वर्ष धरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये सेल्फ अप्रेझल आणि पिअर फीडबॅक भरून घेतात, मग मॅनेजर आपलं प्रपोज्ड रेटिंग टाकतो आणि मग कॅलिब्रेशनची मीटिंग होते, म्हणजे सगळ्या मॅनेजरांनी दिलेली रेटिंग शेजारी ठेवून जुळवायची. ही मीटिंग कर्मचाऱ्यांना कधी दिसत नाही म्हणून सांगते. एक डायरेक्टर किंवा डिलिव्हरी हेड, त्याच्या हाताखालचे सगळे मॅनेजर, आणि एचआरमधलं कोणीतरी. स्क्रीनवर एक्सेल उघडलेलं असतं, एका ओळीत एक माणूस, शेजारी बँड (पदाचा स्तर), मागच्या वर्षीचं रेटिंग, यंदाचं प्रपोज्ड रेटिंग, शेवटी कमेंटचा एक चिंचोळा कॉलम. ज्यांचं रेटिंग मागच्या वर्षीसारखंच आहे त्या ओळींवर कोणी थांबतसुद्धा नाही, भराभर खाली जातात. ज्यांचं वर नेलंय तिथे मात्र दुसरा मॅनेजर विचारतो, "हिने असं काय केलं जे माझ्याकडच्या मुलाने नाही केलं?" आणि त्या क्षणी तुमच्या मॅनेजरकडे सांगायला एखाद-दोन वाक्यं असतात. "खूप चांगली आहे, सिन्सिअर आहे, सगळ्यांना मदत करते" असं तो म्हणाला तर समोरचा म्हणतो माझेही सगळे सिन्सिअर आहेत, आणि ओळ पुढे सरकते. "पेमेंटचा बिघाड चालू असताना हिने कॉन्फिगमधला फरक शोधला, सपोर्टवाल्यांनी स्वतः लिहून दिलंय" असं म्हणाला तर मात्र टेबलावर शांतता होते आणि कोणीतरी विचारतं, बरं, सांग अजून.

म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने लिहिलेलं पहिलं वाक्य त्या मीटिंगमध्ये उपयोगी पडणारंच वाक्य होतं. मग पडलं का नाही? मला दोन कारणं दिसतात. एक तर टायमिंग, अनेक ठिकाणी पिअर फीडबॅक मॅनेजरच्या हातात पडेपर्यंत त्याचं प्रपोज्ड रेटिंग मनात ठरलेलं असतं, आणि तुमच्यासमोर वाचून दाखवतो तोपर्यंत तर सिस्टीममध्ये लॉकच झालेलं असतं, त्यानंतर मॅनेजरच्या हातात काही राहत नाही, म्हणून त्या खोलीत त्याच्याशी वाद घालून काही हाती लागणार नव्हतं. दुसरं असं की पिअर फीडबॅक कोणाकडून घ्यायचा ती नावं बहुतेक वेळा आपणच सुचवतो. मग कोण कशाला आपल्याशी पटत नाही अशा माणसाचं नाव देईल? त्यामुळे जवळपास सगळ्यांचेच फीडबॅक गोड असतात, मॅनेजर लोकांनी असे ढीगभर वाचलेले असतात आणि ते त्यातला गोडवा आपोआप वजा करूनच वाचतात. वजाबाकीनंतर जे उरतं ते फक्त प्रसंग, तारीख, काय केलं, काय नुकसान टळलं.

आणि तिसरी गोष्ट, हिचा तुमच्याशी संबंधच नाही, ती म्हणजे पैशाचं बजेट. बेल कर्व्ह हा शब्द तुम्ही ऐकला असेलच, वर-मध्ये-खाली किती टक्के लोक बसवायचे ते आधीच ठरवून रेटिंग वाटणं. जीई कंपनीत जॅक वेल्चच्या काळात २०-७०-१० अशी वाटणी गाजली, वरचे वीस टक्के, मधले सत्तर, खालचे दहा, आणि जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली. पुढे त्याचा त्रास इतका झाला की मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टॅक रँकिंग, म्हणजे अशीच सक्तीची क्रमवारी, बंद केलं, २०१५ च्या सुमारास अ‍ॅक्सेंचरने वार्षिक रँकिंग सोडलं, आपल्याकडे इन्फोसिसनेही सक्तीचा बेल कर्व्ह सोडला. पण कर्व्ह कागदावरून गेला तरी इन्क्रिमेंटचा पैसा मोजकाच असतो, त्यामुळे "वरच्या रेटिंगमध्ये साधारण एवढेच लोक बसवा" ही सूचना ह्या ना त्या रूपात येतेच. तुमचं मीट्स हे तुमच्या त्या रात्रीच्या कामाचं मोजमाप नाहीये, ते शंभर जणांना एका बजेटात बसवल्यावर तुमच्या वाट्याला आलेलं खोकं आहे. हे समजून घ्या म्हणजे फीडबॅक आणि रेटिंग एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून दोन्हीपैकी एक खोटं असलं पाहिजे असं वाटणार नाही.

खरं तर फीडबॅक आणि रेटिंग ह्या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याकडे फार आधी ओळखलं गेलंय. १९७४ साली लार्सन अँड टुब्रोने आयआयएम अहमदाबादच्या उदय पारीक आणि टी. व्ही. राव ह्या दोघांना बोलावलं होतं, आणि त्यांनी जी रचना सुचवली तिच्यात अप्रेझल, फीडबॅक आणि समुपदेशन, माणूस पुढे काय करू शकेल ह्याचा अंदाज, ट्रेनिंग हे सगळे एकमेकांशी जोडलेले पण स्वतंत्र भाग होते. आजही जिथे हे भाग नीट वेगळे ठेवतात तिथे लोक मोकळेपणाने बोलतात, आणि जिथे एकाच अर्ध्या तासात कौतुकही वाचायचं, रेटिंगही सांगायचं आणि इन्क्रिमेंटचा टक्काही, तिथे समोरच्याच्या कानात शेवटचा आकडा सोडून काहीच शिरत नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं असणार.

एक गोष्ट मला इथे सांगावीशी वाटते कारण ती माझ्या मनात कायम असते. सरकारी नोकरीत पूर्वी गोपनीय अहवालातला फक्त प्रतिकूल शेरा कर्मचाऱ्याला कळवायचे, चांगला शेरा कळवायची गरज नाही असं मानायचे. बॉर्डर रोड्समधल्या एका एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला एका वर्षी 'गुड' शेरा मिळाला होता, प्रमोशनसाठी मात्र 'व्हेरी गुड' लागत होतं, म्हणजे चांगला शेराच आडवा आला आणि तो त्यांना कधी सांगितलाच नव्हता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, देव दत्त विरुद्ध युनियन ऑफ इंडिया, आणि मे २००८ मध्ये कोर्टाने सांगितलं की चांगला असो वाईट असो, प्रत्येक शेरा माणसाला वेळेत कळवलाच पाहिजे. आपल्या खाजगी कंपन्यांना तो निकाल तसाच्या तसा लागू नाही, पण त्यातून एक शिकण्यासारखं आहे: शब्द कितीही चांगला असला तरी वरच्या पायरीसाठी कुठला शब्द लागतो हे माहीत नसेल तर तो चांगला शब्दच तुम्हाला जागेवर बसवून ठेवतो. म्हणून तुमच्या मॅनेजरला विचारायचा खरा प्रश्न हा आहे, "माझ्या बँडमध्ये एक्सीड्स मिळालेल्या माणसाने गेल्या वर्षी काय काम दाखवलं?" (एक्सीड्स म्हणजे मीट्सच्या वरचं, अपेक्षेपेक्षा जास्त.) नाव नको, कामाचा प्रकार सांगा म्हणावं. हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही आणि बहुतेक मॅनेजर ह्याचं उत्तर देतात.

आता तो फीडबॅक घेऊन बसूया, कारण त्यातली तिन्ही वाक्यं तीन वेगळ्या जातीची आहेत आणि त्यांचं वेगवेगळं काहीतरी करायला लागेल.

पहिलं वाक्य, रिलीजच्या रात्रीचं, ते सोनं आहे. त्यात प्रसंग आहे, तुम्ही नेमकं काय केलं ते आहे, परिणाम आहे. आणि मुख्य म्हणजे त्यात तुमची पद्धत आहे, जुनं कॉन्फिग आणि नवीन शेजारी ठेवून ओळ ओळ बघणं. तुम्हाला ते इतकं साधं वाटतं की त्याचं कोणी कौतुक करावं हेच पटत नाही, पण सपोर्टमधल्या माणसाने अशा कितीतरी रात्री काढलेल्या असतात जिथे दहा जण कॉलवर आणि प्रत्येकजण "आमच्याकडून काही चेंज नाही" म्हणतोय, त्याला तुमच्या शांतपणे तपासण्याची किंमत कळते. जे आपल्याला सहज जमतं ते आपल्याला काम वाटतच नाही, आणि ते दुसऱ्यानेच दाखवावं लागतं.

दुसरं वाक्य, नवीन मुलांना तयार केलं. ह्यावर मात्र जरा थांबा. हे काम तुमच्या गोल शीटमध्ये, म्हणजे वर्षाच्या उद्दिष्टांच्या यादीत, होतं का? माझा अंदाज, नव्हतं. तुमच्या गोलमध्ये टेस्ट केस किती लिहिल्या, ऑटोमेशन कव्हरेज किती, डिफेक्ट लीकेज किती असलं काहीतरी असणार. म्हणजे वर्षभरात कितीतरी संध्याकाळी तुम्ही त्या मुलांच्या शेजारी बसून एन्व्हायरन्मेंट कसं लावायचं, बग कसा लिहायचा, डेव्हलपर "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणाला तर काय उत्तर द्यायचं हे शिकवलंत आणि ह्या सगळ्याचा कंपनीच्या कागदावर कुठेही पत्ता नाही. आणि हे जास्त करून बायकांच्या वाट्याला येतं हे मी स्पष्ट बोलते. शेली कॉरेल आणि कॅरोलीन सिमार्ड ह्या स्टॅनफर्डच्या संशोधक, त्यांनी २०१६ मध्ये लिहिलं होतं की बायकांच्या रिव्ह्यूत मोघम कौतुक जास्त सापडतं, "वर्ष छान गेलं" छापाचं, आणि पुरुषांच्या रिव्ह्यूत ते कौतुक कामाच्या परिणामाशी जोडलेलं असण्याची शक्यता जास्त. मी वाचलेल्या फॉर्ममध्येही हेच दिसतं, मुलगा असला की "दोन रिसोर्स ग्रूम केले", मुलगी असली की "हेल्पफुल आहे". काम तेच. तर ते काम कागदावर आणा. पुढच्या वर्षाच्या गोल शीटमध्ये लिहून घ्या की दोन नवीन टेस्टर अमुक महिन्यात स्वतंत्रपणे रिलीज सांभाळायला लागतील. मॅनेजर नाही म्हणाला तर तेही उत्तरच आहे, मग तेवढा वेळ त्या कामातून काढून जे मोजलं जातं त्यात घालायचा अधिकार तुम्हाला आहे, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

तिसरं वाक्य, ही कॉलवर असली की आम्ही निर्धास्त असतो. तुम्हाला बहुतेक हेच सगळ्यात आवडलं असेल आणि मला ह्याचीच सगळ्यात काळजी वाटली. सहकाऱ्याने मनापासून लिहिलंय ह्यात शंका नाही, पण ह्याचा दुसरा अर्थ असा की तुम्ही नसलात की त्यांना धाकधूक असते. अशा माणसाला गणपतीत सुट्टी मागितली की "बघ ना, त्या आठवड्यात रिलीज आहे" ऐकायला मिळतं, आणि प्रमोशनची वेळ आली की मॅनेजरच्या मनात येतं की हिला तिथून हलवलं तर तिथे कोण? कारखान्यातही मी हे बघितलंय, एखादं मशीन एकाच ऑपरेटरच्या हाताला बसलेलं असायचं, त्याला सगळे मान द्यायचे आणि तो वर्षानुवर्षं त्याच मशीनवर. त्यामुळे ह्या वाक्यावरून एक काम काढा, त्या रात्री तुम्ही जे केलंत त्याची पायरी-पायरीने रनबुक लिहा, कुठलं कॉन्फिग कुठे असतं, कशाशी ताडून बघायचं, आणि त्याच नवीन मुलांपैकी एकाला पुढच्या रिलीजला पुढे बसवून तुम्ही मागे बसा. मग तुमच्या नावावर "प्रॉब्लेम सोडवला" ह्यापेक्षा मोठी गोष्ट लागते, "प्रॉब्लेम सोडवायची पद्धत टीमला दिली", आणि कॅलिब्रेशनमध्ये वरच्या बँडसाठी हेच शोधत असतात.

कौतुक खरं की खोटं, ह्याबद्दल. तुम्हाला शंका येतेय की तो चांगला माणूस आहे म्हणून चांगलं लिहिलं. शंका येणं अगदीच चूक नाही. रेटिंग देणाऱ्याचा स्वभाव आकड्यात किती उतरतो ह्यावर स्कलन, माउंट आणि गॉफ ह्यांचा २००० सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे, त्यात रेटिंगमधल्या फरकातला सुमारे ६२ टक्के भाग रेटिंग देणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीतून आलेला निघाला, ज्याला रेटिंग दिलं त्याच्या प्रत्यक्ष कामातून फक्त २१ टक्के. म्हणजे कोणी तुम्हाला पाचपैकी पाच दिले तर त्यातून तुमच्यापेक्षा देणाऱ्याबद्दल जास्त कळतं. पण हे आकड्यांचं झालं. त्याने आकडा दिला असता तर मी म्हटलं असतं सोडून द्या, त्याने प्रसंग लिहिलाय, आणि प्रसंग तपासता येतो. त्या रात्रीचं इन्सिडेंट तिकीट उघडा, कॉलचं चॅट बघा, कॉन्फिगमधला फरक कोणी कधी टाकला ते दिसेल. तिथे तुमचं नाव असेल तर ते घडलंय, तुम्हाला ते पटतंय की नाही ह्याने काही बदलत नाही.

आणि शेवटच्या वाक्यासारखं जे माणसाबद्दल असतं, "हुशार आहे", "आधार आहे", त्यावर फार वेळ रेंगाळू नका असं मी सांगेन, त्यामागेही कारण आहे. क्लुगर आणि डेनिसी ह्यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे शेकडो प्रयोग एकत्र करून बघितले, सरासरीने फीडबॅकने काम सुधारतं पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा ते उलट बिघडलं, आणि त्यांचं म्हणणं असं की फीडबॅकने लक्ष कामावरून उठून स्वतःकडे गेलं की असं व्हायची शक्यता वाढते. कौतुकाच्या बाबतीतही हे होतं. आपण निर्धास्त करणारी बाई आहोत हे एकदा डोक्यात बसलं की पुढच्या कॉलवर "मला माहीत नाही" म्हणणं जड जातं, आणि नेमकं तेच म्हणता येणं तुमच्या कामात सगळ्यात गरजेचं आहे.

आता त्या खोलीत तुम्ही जे म्हणालात त्याबद्दल. आपल्याकडे तोंडावर केलेलं कौतुक हातात धरून ठेवायची सवयच नसते, कोणी साडी छान आहे म्हटलं तरी आपण "अगं जुनीच आहे" म्हणतो, मग कामाचं काय. घरी ते शोभतं. रिव्ह्यूच्या खोलीत मात्र मॅनेजर समोर लॅपटॉप उघडून बसलेला असतो, तुम्ही "सगळ्या टीमचं काम होतं" म्हणालात की तो नोट्समध्ये "टीम एफर्ट" टाइप करतो आणि तुमच्या सहकाऱ्याने वेळ काढून लिहिलेली साक्ष तुम्ही स्वतःच पातळ केलेली असते. पुढच्या वेळी एवढंच म्हणा, "थँक यू, हे ऐकून खरंच बरं वाटलं. त्या रात्री कॉन्फिग मी तपासलं, रोलबॅकचं काम सपोर्टने केलं." (रोलबॅक म्हणजे आधीचं व्हर्जन परत लावणं.) आपलं ते आपलं म्हणायचं, त्यांचं ते त्यांना द्यायचं, दोन्ही एकाच वाक्यात होतं आणि नम्रपणाही कुठे जात नाही. त्यानंतर एक प्रश्न विचारायचा, "ह्यातलं कुठलं काम मी अजून करावं असं तुम्हाला वाटतं?" आणि गप्प बसून उत्तर लिहून घ्यायचं.

ती वेळ गेली असली तरी मेल पाठवता येते, मीटिंग होऊन फार दिवस झाले नसतील तर ह्याच आठवड्यात पाठवा. चार ओळींची. मीटिंगबद्दल आभार, त्या फीडबॅकमधल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या, पेमेंटच्या बिघाडात कारण शोधणं आणि नवीन टेस्टर तयार करणं, ह्या दोन्ही पुढच्या वर्षाच्या गोल शीटमध्ये कशा मोजता येतील ह्यावर अर्धा तास बोलूया का. रेटिंगचा उल्लेखही करू नका त्यात. रेटिंगबद्दल तक्रार असेल तर बहुतेक कंपन्यांत अपीलाची ठरलेली पद्धत आणि मुदत असते, ते वेगळं प्रकरण आहे आणि त्यात सहकाऱ्याच्या फीडबॅकचा कागद पुढे करून "बघा, हा काय म्हणतो" असं करू नये, त्याने मोकळ्या मनाने लिहिलं होतं, त्याला तुमच्या आणि मॅनेजरच्या मध्ये उभं करणं बरोबर नाही, पुढच्या वर्षी तो चार शब्द कमी लिहील.

त्याला काय म्हणायचं? आधी एक बघा, तुमच्या कंपनीत पिअर फीडबॅक नावासकट दाखवायचा असतो का नावाशिवाय. मॅनेजरने चुकून नाव सांगून टाकलं असेल तर तुम्ही जाऊन "तू लिहिलेलं वाचलं" म्हणू नका, त्या माणसाला वाटेल की मॅनेजरकडे काही सुरक्षित नाही आणि पुढच्या वेळी तो कोणाबद्दलच खरं लिहिणार नाही. अशा वेळी त्या रात्रीबद्दल बोला, फीडबॅकबद्दल नको, "त्या रिलीजला तुम्ही लोकांनी रोलबॅक किती पटकन केलंत, म्हणून मला शांतपणे बघता आलं". नाव उघडच असायचं असेल तर सरळ सांगा. टीम्सवर लांबलचक मेसेज नको, चहाला गेलात की समोरासमोर दोन वाक्यं, "तू जे लिहिलंस ते मॅनेजरने वाचून दाखवलं, इतकं डिटेलमध्ये कोणी लिहीत नाही रे, थँक्स." आणि मग त्याला विचारा की त्या रात्री माझ्याकडून अजून काय हवं होतं. हा प्रश्न विचारायला ह्यापेक्षा चांगली वेळ येणार नाही, ज्याने मनापासून चांगलं लिहिलंय तोच माणूस उणीवही मनापासून सांगतो, आणि तुम्ही चिडणार नाही ह्याची त्याला खात्री असते.

परतफेडीचं म्हणाल तर ते ओझं डोक्यावर घेऊच नका. त्याने तुमच्यावर उपकार केले नाहीत, जे बघितलं ते लिहिलं. पुढच्या सायकलला त्याच्याबद्दल लिहायची रिक्वेस्ट आली तर तुम्हीही जे बघितलं ते लिहा, तसंच, प्रसंग, त्याने काय केलं, त्यामुळे काय नुकसान टळलं. काहीच बघितलं नसेल तर "ह्या वर्षी एकत्र काम फारसं झालं नाही" असं लिहून मोकळं व्हा. दोघांनी एकमेकांना पाच-पाच स्टार दिलेले फॉर्म एचआरला लगेच दिसतात, सिस्टीममध्ये दोन्ही नावं समोरासमोर असतात, आणि मग त्याने तुमच्याबद्दल लिहिलेलं खरं वाक्यही लोक तशाच नजरेने वाचतात. आणि हो, दुसरं कोणी येऊन म्हणालं की मी तुझं चांगलं लिहिलंय, आता तू माझं लिही, तर हसून म्हणा, "सांग ना कुठला प्रसंग लिहू?" खरा प्रसंग असेल तर तो सांगेल, नसेल तर विषय तिथेच थांबतो.

अजून एक-दोन बारीकसारीक गोष्टी. तो फीडबॅक स्क्रीनशॉट काढून आपल्या जीमेलवर पाठवू नका आणि लिंक्डइनवर तर टाकूच नका, तो कंपनीचा गोपनीय कागद आहे आणि त्यात क्लायंटची सिस्टीम, बिघाड असलं काहीबाही असतं. त्याऐवजी स्वतःच्या शब्दांत टिपण ठेवा, क्लायंटचं नाव न घेता: कुठल्या प्रकारचा बिघाड, मी काय केलं, त्यामुळे काय नुकसान टळलं, कोणी बघितलं. दर महिन्याच्या शेवटी पंधरा मिनिटं देऊन अशा दोन-तीन ओळी लिहिल्या की मार्चमध्ये सेल्फ अप्रेझल भरताना आठवत बसावं लागत नाही, बहुतेक लोकांना फेब्रुवारीतलं तेवढं आठवतं आणि मे-जूनमधलं मोठं काम राहून जातं. पुढे नोकरी बदलायची वेळ आली तर इंटरव्ह्यूला ह्याच ओळी कामी येतात.

आणि मिड-इयर रिव्ह्यू तुमच्याकडे ऑक्टोबरच्या आसपास असेल, तो लोक फॉर्म भरण्यापुरता करतात, तुम्ही तसं करू नका. त्या वेळी रेटिंग लॉक नसतं, मॅनेजरवर दडपण नसतं, त्याला ऐकायला वेळ असतो. रनबुक तोपर्यंत तयार असेल, एखादा नवीन मुलगा एक तरी रिलीज स्वतः सांभाळून बसला असेल, तर त्याच बैठकीत सांगा की मार्चमध्ये मला पुढच्या बँडसाठी विचारात घ्यावं अशी माझी इच्छा आहे, त्यासाठी अजून काय दिसायला हवं. आणि पिअर फीडबॅकसाठी पुढच्या वर्षी नावं देताना सपोर्टमधल्या ह्याच सहकाऱ्याचं नाव परत द्या, पण सोबत एखाद्या डेव्हलपरचं आणि त्या दोन नवीन मुलांपैकी एकाचंही द्या.